मूर्तीवर दावा सांगण्याआधी मूर्ती वाचायला शिका : तेरच्या निमित्ताने

आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक प्रकारचा संदेश सतत फिरत असतो. कुठल्या तरी देवळातल्या मूर्तीचा फोटो आणि खाली एक ओळ : ‘हा बुद्ध आहे, ब्राह्मणांनी पळवला.’ लगेच ‘जय भीम’चे प्रतिसाद येतात आणि फोटो पुढच्या गटात जातो. त्या मूर्तीचा हात कसा आहे, अंगावर चीवर आहे की दागिने, डोक्यावर उष्णीष आहे की मुकुट, हे कोणी विचारत नाही. विचारले तर ‘तुम्हाला शंका कशाला?’ असा उलट प्रश्न येतो.

ही घाई का होते, हे आम्हाला समजते. आपला इतिहास पळवला गेला ही काही अफवा नाही. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरातली बौद्ध लेणी ‘पांडवलेणी’ झाली. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीतला सातव्या क्रमांकाचा विहार गिरिजात्मज गणपतीचे देऊळ झाला आणि अष्टविनायकांत मोजला जाऊ लागला. वेरूळच्या दहाव्या लेण्यात स्तूपाच्या पुढ्यात धम्म सांगत बसलेला बुद्ध ‘विश्वकर्मा’ ठरला आणि त्या भव्य चैत्यगृहाला ‘सुताराची झोपडी’ म्हणू लागले. ज्याच्या डोळ्यांदेखत असे झाले आहे त्याला प्रत्येक दगडात आपले हरवलेले काही तरी दिसणारच.

पण दिसणे वेगळे आणि सिद्ध करणे वेगळे. आमचे म्हणणे एवढेच आहे की बुद्धमूर्ती ओळखणे ही एक विद्या आहे. तिला व्याकरण आहे. मुद्रा, वस्त्र, अलंकार, आसन, खुणा ही त्या व्याकरणाची अंगे. ते न शिकता केलेला प्रत्येक दावा समोरच्याच्या हातात कोलीत देतो. आपला एक दावा खोटा निघाला की पुढचे दहा खरे दावेही ‘यांचे नेहमीचेच’ म्हणून उडवले जातात.

तगर नावाचे शहर

आम्ही धाराशिव जिल्ह्यात वस्त्यांमधून काम करतो. अभ्यासवर्गातल्या मुलामुलींना वर्षातून एकदोनदा तेरला नेतो. बहुतेकांना तेर म्हटले की संत गोरा कुंभारांचे गाव एवढेच ठाऊक असते. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे सातवाहन काळातले तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे शहर म्हणून तगरचा उल्लेख आहे. इथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भरूचच्या बंदराकडे जात असे. पुढे कित्येक शतकांनी शिलाहार राजे स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते.

इथल्या पांढरीच्या टेकाडांत जे सापडले त्यातले पुष्कळसे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या चिकाटीमुळे वाचले. गावातल्या या माणसाने शेतात, नदीकाठी, पावसाने वाहून आलेल्या मातीत मिळालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्याच नावाने आज तेरमध्ये शासकीय संग्रहालय आहे. मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, खापरे, भाजक्या मातीच्या मूर्ती, हस्तिदंती काम, दगडी शिल्पखंड असा हजारो वस्तूंचा हा ठेवा आहे. तेरच्या उत्खननात विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. आंध्रातल्या अमरावतीच्या शैलीशी नाते सांगणारे चुनखडीच्या दगडातले शिल्पखंडही इथे मिळाले. थोडक्यात, तगर हे व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे शहर होते आणि त्या शहरात बुद्धाचा धम्म नांदत होता.

‘दादा, ह्यात बुद्ध कुठाय?’

संग्रहालयात शिरल्यावर पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘दादा, ह्यात बुद्ध कुठाय?’ घरच्या भिंतीवर जशी मूर्ती असते तशी मूर्ती त्यांना हवी असते. ती सातवाहनांच्या तगरमध्ये शोधणेच मुळात चुकीच्या जागी शोधणे आहे. त्या काळात आपल्या भागात बुद्धाची मानवी रूपातली मूर्ती घडवण्याची रीत रुळलेली नव्हती. कार्ले, भाजे, बेडसे, पितळखोरे इथली त्या काळातली चैत्यगृहे पाहा. आत फक्त स्तूप आहे. बुद्ध सांगायचा तर बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा, रिकामे आसन किंवा स्तूप कोरत. अजिंठ्यात, वेरूळला, औरंगाबादच्या लेण्यांत ज्या बसलेल्या, उभ्या, पहुडलेल्या बुद्धमूर्ती आपण पाहतो त्या नंतरच्या, साधारण पाचव्या शतकापासूनच्या आहेत.

म्हणून आमच्या अभ्यासवर्गाचा पहिला नियम : मूर्तीआधी काळ विचारा. सातवाहनकालीन थरात बुद्धमूर्ती नाही, म्हणून तिथे बौद्ध नव्हते असे म्हणणारा जितका अडाणी, तितकाच त्या काळातल्या कुठल्याही माणसाच्या आकृतीला बुद्ध म्हणणारा. स्तूपाचा अर्धगोल ओळखता आला की बुद्ध सापडला.

नटलेली बाई कोण?

तेरच्या मूर्तींत स्त्रिया फार आहेत. डोक्यावर गुंफलेले केस, कानात जड कर्णभूषणे, गळ्यात माळा, हातभर बांगड्या, कमरेला मेखला. काही मातीच्या, दोन साच्यांत दाबून जोडलेल्या. एक हस्तिदंती. ही हस्तिदंती स्त्री जगाला माहीत आहे, कारण तिची बहीण शोभावी अशी एक मूर्ती थेट इटलीत मिळाली.

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने पाँपेई शहर गाडून टाकले. १९३८ मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात भारतीय बनावटीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. दागिन्यांनी मढलेली, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. सापडल्याबरोबर तिला ‘लक्ष्मी’ म्हटले गेले. नंतरच्या अभ्यासकांनी विचारले : कमळ कुठे आहे? अभिषेक करणारे हत्ती कुठे आहेत? दोन्ही नाहीत. शेजारच्या दासींच्या हातात प्रसाधनाची साधने आहेत. डोक्यातून खाली छिद्र आहे, म्हणजे ती पूजेची मूर्तीच नसावी, आरशाची मूठ किंवा एखाद्या सामानाचा भाग असावी. देवी होती ती यक्षी झाली, कोणी तिला साधी नटलेली स्त्री म्हटले. तेरची आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनची हस्तिदंती मूर्ती तिच्या शेजारी ठेवली की तिघींचे घराणे एक असल्याचे दिसते. नेपल्सच्या संग्रहालयातल्या त्या मूर्तीची ओळख पटवायला आपल्या मराठवाड्यातल्या दोन गावांची साक्ष काढावी लागते, हे पोरांना सांगितले की त्यांच्या माना ताठ होतात.

आता खरा प्रश्न. आमच्या वर्गातल्या बारावीच्या एका मुलीने विचारले होते, ‘दागिने घातलेली बाई बौद्ध कशी? बुद्धानं तर सगळं सोडलं हुतं.’ प्रश्न बिनतोड वाटतो. पण सांचीच्या तोरणावर, भारहुतच्या कठड्यावर झाडाची फांदी धरून उभ्या असलेल्या यक्षी पाहा. दागिन्यांनी लगडलेल्या आहेत आणि स्तूपाच्या दारातच उभ्या आहेत. भारहुतच्या एका स्त्रीमूर्तीखाली तर ‘सिरिमा देवता’ असे नावच कोरलेले आहे. स्तूप उभारणारे लोक गृहस्थ होते. शेतकरी, व्यापारी, सोनार, माळी, भिक्खू आणि भिक्खुणी. त्यांनी आपले भरलेले जग स्तूपाच्या कठड्यावर कोरले आणि आत, मध्यभागी, बिनअलंकाराचा साधा अर्धगोल ठेवला. बाहेर संसार, आत निर्वाण. नटलेल्या बाईला स्तूपाच्या दारात पाहून गोंधळायचे कारण नाही, आणि ती नटलेली दिसली म्हणून लगेच तिला ‘देवी’ करून पुजायचेही कारण नाही.

शिल्पे कोणी घडवली, हाही प्रश्न सोडू नये. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केल्याचा लेख आहे. त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचे दान नोंदलेले आहे. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर ‘कण्हदास’ या सोनाराने तो घडवल्याचे कोरलेले आहे. हस्तिदंत कोरणारा दगडावर काम करतो, सोनार यक्ष घडवतो. त्यामुळे दगडातले दागिने इतके बारीक, इतके खरे आहेत. तेरच्या मूर्तींच्या अंगावरचे मणी आणि बांगड्या त्याच गावच्या कारखान्यांत बनत होत्या. आज ज्या जातींना ‘कामगार’ म्हणून खालच्या पायरीवर बसवले गेले त्यांच्या पूर्वजांच्या बोटांतून ही कला उतरली आहे. समाजशास्त्राच्या पुस्तकात आम्ही जे शिकलो त्यापेक्षा जास्त या एका यक्षाच्या तळहाताने शिकवले : राजाचे नाव नसलेल्या दगडावर कारागिराचे नाव असू शकते.

चार प्रश्न

समोर मूर्ती आली की आम्ही पोरांना चार प्रश्न विचारायला सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिला प्रश्न : अंगावर दागिने आहेत का? आपल्या लेण्यांतल्या बुद्धाच्या अंगावर दागिने नसतात. त्याच्या कानाच्या पाळ्या मात्र लांब, लोंबलेल्या आणि रिकाम्या असतात. राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांनी त्या ओघळल्या. कुंडले गेली, खूण राहिली. त्यागाचे इतके नेमके चित्र दुसरे नाही. याउलट बोधिसत्त्व दागिन्यांनी भरलेला असतो : मुकुट, मोत्यांचा हार, बाजूबंद. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी आठवा. तो अजून जगात आहे, दुःखी माणसांसाठी थांबलेला आहे, म्हणून त्याच्या अंगावर जगाचे अलंकार आहेत. तेव्हा मुकुट दिसला की ‘हा बुद्ध नाही, राजा आहे’ म्हणून पाठ फिरवू नका. मुकुटात बघा. तिथे ध्यानस्थ अमिताभ बुद्धाची इवलीशी मूर्ती असेल तर अवलोकितेश्वर, स्तूप असेल तर मैत्रेय. हातातल्या कमळावर पोथी असेल तर मंजुश्री. हातात वज्र असेल तर वज्रपाणी. स्त्रीमूर्तीच्या हातात निळे कमळ असेल तर तारा असण्याची शक्यता तपासा.

दुसरा प्रश्न : वस्त्र कुठे संपते? बुद्धाच्या अंगावर चीवर असते. कधी दोन्ही खांद्यांवरून, कधी उजवा खांदा उघडा ठेवून. मूर्ती झिजली तरी छातीवरून तिरपी गेलेली चीवराची कड किंवा पायाजवळची, मनगटाजवळची घडी बहुधा शिल्लक असते. बोटाने चाचपून नव्हे, बाजूने उजेड टाकून पाहावी. मोबाईलची बॅटरी आडवी धरली की पुष्कळ काही दिसते.

तिसरा प्रश्न : हात काय सांगतात? तळहात समोर, बोटे वर : अभय. तळहात समोर, बोटे खाली : वरद, म्हणजे देण्याची मुद्रा. दोन्ही हात मांडीवर एकावर एक : ध्यान. दोन्ही हात छातीशी, बोटांनी चक्र फिरवल्यासारखी : धम्मचक्रप्रवर्तन. वेरूळ आणि औरंगाबादच्या लेण्यांत पाय खाली सोडून आसनावर बसलेला आणि याच मुद्रेत धम्म सांगणारा बुद्ध पुन्हा पुन्हा भेटतो. उजवा हात गुडघ्यावरून खाली, बोटे भूमीला टेकलेली : भूमिस्पर्श. माराने विचारले, तुझ्या बाजूने साक्षीदार कोण? सिद्धार्थाने भूमीला साक्षीला बोलावले. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात माराच्या फौजेच्या गर्दीत हा एकटा शांत हात पाहण्यासारखा आहे.

चौथा प्रश्न : आसनावर, डोक्यावर, आजूबाजूला काय आहे? इथेच आपली बहुतेक घोटाळ्यांची प्रकरणे घडतात, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

बुद्ध की तीर्थंकर?

पद्मासनात बसलेली, कुरळ्या केसांची, लांब कानांची, ध्यानमुद्रेतली मूर्ती बुद्धाची असते, तशी जैन तीर्थंकराचीही असते. दोन्ही श्रमण परंपरा, दोघांचा त्याग सारखा, शिल्पकारही पुष्कळदा त्याच घराण्यांतले. मग फरक कुठे? तीर्थंकराच्या छातीवर बहुधा ‘श्रीवत्स’ हे चिन्ह असते. दिगंबर मूर्तीवर वस्त्राची रेषा नसते. बसलेल्या तीर्थंकराचे हात ध्यानातच असतात. अभय, वरद, भूमिस्पर्श, धम्मचक्र या मुद्रा तिथे मिळत नाहीत. उभा तीर्थंकर कायोत्सर्गात असतो, म्हणजे दोन्ही हात सरळ खाली. आसनावर बैल, सिंह, शंख अशी त्या त्या तीर्थंकराची खूण असते.

आसनावर चक्र दिसले की आपली पोरे उड्या मारतात. चक्र जैन आसनावरही असते. हरीण दिसले म्हणजे सारनाथचे मृगदाव असेही लगेच ठरवू नका. हरीण हे शांतिनाथांचे लांछन आहे. डोक्यावर नागाचा फणा दिसला तर मुचलिंद नागाने छत्र धरलेला बुद्ध असू शकतो आणि पार्श्वनाथही असू शकतो. फणा एकटा काही ठरवत नाही. फण्याखाली चीवर आहे का, छातीवर श्रीवत्स आहे का, हे बघितल्याशिवाय तोंड उघडू नये.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात नुसता पुस्तकी नाही. धाराशिव शहराजवळच्या लेण्यांवरून हा वाद जुना आहे. मुख्य लेण्याची मांडणी, मोठे सभागृह आणि भोवतीच्या खोल्या, अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण करून देते. म्हणून ही लेणी मुळात बौद्ध, असे काही अभ्यासक मानतात. पण गाभाऱ्यातल्या नागफणांच्या छत्राखालच्या मूर्तीला जैन समाज पार्श्वनाथ म्हणून पुजतो. तेरच्या परिसरातल्या लेण्यांची आणि पार्श्वनाथाची कथा कनकामर मुनींच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यातही आहे. अशा ठिकाणी ‘लेणे मुळात कोणाचे’ आणि ‘आजची मूर्ती कोणाची’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यावर चर्चा जरूर करा. दुसऱ्यावर भांडण उकरू नका.

त्रिविक्रमाचे पाऊल

तेरमध्येच असे दुसरे उदाहरण आहे. विटांनी बांधलेले, मागून अर्धगोल, वर गजपृष्ठाकार छप्पर असलेले त्रिविक्रमाचे मंदिर. पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे मत मांडले. त्या आकाराकडे पाहिले की ते पटते. कार्ल्याचे चैत्यगृह डोंगरातून काढून मैदानात ठेवावे तसे ते दिसते. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक म्हणतात की हा आराखडा त्या काळी बौद्धांप्रमाणे इतरांनीही वापरला, त्यामुळे नुसत्या आकारावरून निकाल देता येत नाही. आम्ही पोरांना दोन्ही बाजू सांगतो. वाद आहे तर वाद म्हणून मांडावा. आपली बाजू त्याने कमकुवत होत नाही, उलट ऐकणारा आपल्यावर विश्वास ठेवतो.

पण आतली मूर्ती निःसंशय त्रिविक्रमाची आहे, वर उचललेला पाय ते सांगतो. आणि फुले-आंबेडकरी माणसाने या मूर्तीसमोरून मान खाली घालून निघून जाऊ नये. थांबून वाचावी. ‘गुलामगिरी’त १८७३ सालीच जोतीराव फुल्यांनी वामनाची कथा उलटी करून सांगितली : ती बळीच्या राज्यावरच्या आक्रमणाची कथा आहे. त्रिविक्रमाच्या शिल्पांत अनेकदा एका कोपऱ्यात बटू वामनाच्या हातावर दानाचे पाणी सोडणारा बळी दाखवलेला असतो. वर सगळी पृथ्वी व्यापणारे पाऊल, खाली देणारा हात. कथा सांगणाऱ्याने पाऊल मोठे कोरले, पण देणारा हात त्यालाही गाळता आला नाही. आता भूमिस्पर्शमुद्रेतला बुद्ध आठवा. एक पृथ्वी पायाखाली घेतो, दुसरा बोटांनी तिला स्पर्शून साक्ष मागतो. या मूर्तीला बुद्ध म्हणण्याची गरजच काय? ती आहे तशीच आपल्याला पुष्कळ काही सांगते.

‘तुम्ही कुणाच्या बाजूनं?’

हे सगळे लिहायला एक प्रसंग कारण झाला. जिल्ह्यातल्या एका गावात विहीर खोदताना दगडी मूर्ती निघाली. आम्हाला फोन आला तेव्हा बुद्धमूर्ती सापडल्याचा संदेश तीन तालुक्यांत पोहोचलेला होता. आम्ही गेलो तर एका बाजूला आपली पोरे पंचशील ध्वज घेऊन उभी, दुसऱ्या बाजूला काही जण शेंदराची वाटी आणि नारळ घेऊन. मूर्ती बसलेली, ध्यानमुद्रेत, नाक झिजलेले. आम्ही बाजूने उजेड टाकून पाहिले. चीवराची रेषा कुठेच नव्हती. छातीवर चौकोनी पाकळीसारखे श्रीवत्स स्पष्ट होते. आम्ही मोठ्याने सांगितले की ही बुद्धमूर्ती नाही, तीर्थंकराची आहे, आणि भैरोबाची तर नाहीच नाही.

एक तरुण तावातावाने म्हणाला, ‘दादा, तुम्ही कुणाच्या बाजूनं हाव? आपल्या का त्यांच्या?’

आम्ही त्याला बाजूला घेतले. त्याला विचारले, ‘लेण्याद्रीच्या विहारात गणपती बसवला तेव्हा आपल्याला काय वाटतं?’ तो म्हणाला, ‘चोरी वाटती.’ ‘मग या जैनांच्या मूर्तीवर आपण बुद्धाचं नाव लिहिलं तर?’ तो गप्प बसला. राग गेला असे नाही, पण ध्वज गुंडाळला. शेंदराची वाटी मात्र पुढे सरकतच होती. तेव्हा आपल्याच वस्तीतली एक आजी म्हणाली, ‘देव कुणाचाबी असंना बाबा, त्याला रंग फासू नगा. त्याचं तोंड तरी दिसू द्या.’ तेवढ्यावर दोन्ही बाजू थांबल्या. तलाठ्यामार्फत तहसील कार्यालयाला कळवले गेले.

आम्ही त्या तरुणाच्या प्रश्नाचा पुढेही विचार करत राहिलो. चळवळीत ‘आपली बाजू’ हा शब्द आपण सारखा वापरतो. पण आपली बाजू म्हणजे काय? आपल्याला सोयीचे ते सत्य, की सत्य असेल ते आपले? ज्या बुद्धाने केवळ परंपरा सांगते म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू म्हणतो म्हणून काही मानू नका असे कालामांना सांगितले, त्याच्या नावाने आपण गटावर आले म्हणून मानायचे?

बाबासाहेबांची वाट

बाबासाहेबांनी हा मार्ग आखून दिलेला आहे. १९३४ मध्ये ते चळवळीतल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांना अडवण्यात आले, अपमान सोसावा लागला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या माणसाला लेण्याच्या वाटेवरचे पाणीही शिवू दिले जात नव्हते तो लेणी पाहायला निघाला होता. पाहणे हासुद्धा आपल्यासाठी हक्काचा प्रश्न होता, हे विसरता कामा नये.

२५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेबांनी पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे असे प्रतिपादन केले. हे वाक्य आज आपण घोषणेसारखे वापरतो. पण त्यांनी त्याबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली होती : आपण या विषयावर प्रबंध लिहिणार आहोत. म्हणजे मोठ्यात मोठा दावा करतानाही पुरावे मांडून विद्वानांसमोर जाण्याची त्यांची तयारी होती. ते काम त्यांच्या हातून पूर्ण व्हायला आयुष्य पुरले नाही. मग ते कोणी करायचे? कंबरेवर हात ठेवलेली ती मुद्रा कुठल्या परंपरेतून आली, तो उंच मुकुट, ती कर्णभूषणे कुठल्या काळाची, त्या भागातली जुनी शिल्पे काय सांगतात, याचा अभ्यास करणारे आपल्यातून किती उभे राहिले? घोषणा देणारे हजारो आहेत. प्रबंध लिहिणारे पाहिजेत.

काय करता येईल?

मोठ्या निधीची वाट पाहू नका. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार शिल्पवाचनासाठी ठेवा. बुद्ध, बोधिसत्त्व, तीर्थंकर, विष्णू यांची चार छायाचित्रे शेजारी शेजारी लावा आणि मुलांना फरक शोधू द्या. आपल्या गावातल्या, शेतातल्या, देवळाच्या ओट्यावरच्या जुन्या दगडांचे समोरून, बाजूने आणि मागून फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. जमिनीतून काही निघाले तर ते हलवू नका, धुऊ-घासू नका, लगेच तहसीलदारांना लेखी कळवा. गुप्तनिधीविषयीचा १८७८ चा कायदा आजही लागू आहे आणि सापडलेली वस्तू दडवणे गुन्हा आहे. लेखी अर्जाची पोच आपल्याजवळ ठेवा, कारण उद्या त्याच मूर्तीवर शेंदूर चढला तर आपल्या हातात कागद असला पाहिजे.

आणि तेरला या. देवदर्शनाच्या घाईत नको, दिवसभराचा वेळ काढून या. ती हस्तिदंती स्त्री बघा, मातीच्या मूर्तींचे केस आणि कानातले बघा, चुनखडीच्या शिल्पखंडांपुढे उभे राहा. मग त्रिविक्रमाच्या देवळामागे जाऊन त्या विटांचा अर्धगोल बघा आणि आपापसात वाद घाला. मुलींना पुढे उभे करा. दागिन्यांचे बारकावे त्या आमच्यापेक्षा लवकर ओळखतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. जिने ‘दागिने घातलेली बाई बौद्ध कशी?’ असे विचारले होते ती आता पुरातत्त्व विषय घेऊन पुढे शिकायचे म्हणते आहे. घरचे लग्नाचे बघत आहेत. तिचे शिक्षण थांबू नये म्हणून आम्ही घरच्यांशी बोलत आहोत. तुमच्या वस्तीतही अशी एखादी मुलगी असेल. तिच्या घरी जाऊन बोला.

जय भीम! नमो बुद्धाय!